ती जेवायची केव्हा?

दिवाळी आटोपली की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मुलींची हजेरी एकदम उतरते. वावरात कापूस फुटून लोंबत असतो, वेचायला मजूर मिळत नाही आणि मग घरचा कापूस घरच्याच मुलींच्या हातांनी वेचला जातो. अशाच एका विरळ वर्गात मी चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधली मिस हॅविशम शिकवत होते. लग्नाच्या दिवशी पोशाख चढवत असतानाच नवरदेवाचे पत्र येते, लग्न मोडते आणि त्या क्षणापासून ती घरातली सगळी घड्याळे आठ वाजून चाळीस मिनिटांवर थांबवून ठेवते. खिडक्यांतून ऊन आत येऊ देत नाही. तोच पांढरा पोशाख पिवळा पडेपर्यंत अंगावर वागवते. एक बूट पायात, दुसरा टेबलावर जसा होता तसाच. हे सगळे सांगून झाले की वर्ग दरवर्षी थोडा वेळ गप्प होतो आणि मग कुणीतरी त्या नवरदेवाबद्दल विचारते. या खेपेला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती नदीपलीकडच्या खेड्यातून एसटीने येते. सुकलेल्या बोंडांची टोके टोचून तिच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या आणि त्यांत मातीचा काळसर रंग बसला होता. ती म्हणाली, “मॅडम, ते बाई जेवे केव्हा?”

बाकीच्या मुली हसल्या. ती हसली नाही. तिला खरोखरच उत्तर हवे होते.

तास संपला, मुली आपापल्या गाड्यांना गेल्या, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून हलेना. आमच्या वर्गात जी संक्षिप्त आवृत्ती चालते, तीत या प्रश्नाचे उत्तर नाही. डिकन्सने मात्र ते लिहून ठेवले आहे. कादंबरीचा नायक आणि निवेदक पिप आता मोठा झाला आहे, लंडनमध्ये राहतो आहे आणि मिस हॅविशमच्या बोलावण्यावरून तिच्या वाड्यात, सॅटिस हाऊसमध्ये आला आहे. मागच्या फरसबंद अंगणापलीकडे जेवणाची सोय आहे. तिकडे जाताना वकील जॅगर्स त्याला विचारतो, की तू मिस हॅविशमला किती वेळा खाता-पिताना पाहिलेस? पिप आठवून सांगतो, कधीच नाही. आणि कधी पाहणारही नाहीस, असे जॅगर्स म्हणतो. हे आयुष्य पत्करल्यापासून तिने स्वतःला कुणाच्या नजरेसमोर खाऊ दिलेले नाही, ती रात्री घरभर फिरते आणि तेव्हा जे हाती लागेल ते खाते. एवढेच. नंतर सगळे जेवायला बसतात आणि विषय मागे पडतो. एका पूर्ण आयुष्याची भूक डिकन्सने एका कोरड्या वकिलाच्या दोन वाक्यांत ठेवली आणि तो पुढे निघून गेला. ती वाक्ये मी अनेकदा वाचली असतील, पण माझे लक्ष नेहमी त्या पोशाखाकडे आणि घड्याळांकडे असायचे. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी ही कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि या खेपेला मी फक्त कोण कुणासोबत जेवते आहे, हेच पाहत गेले.

असे पाहत गेले की कादंबरीचा चेहराच बदलतो. सुरुवातीला लोहाराच्या त्या घरात, जिथे पिपची बहीण येता-जाता हात उगारते, तिथेही तो आणि बहिणीचा लोहार नवरा जो संध्याकाळी पाव खाताना आपापला तुकडा उचलून एकमेकांना दाखवतात. कुणी किती चावा घेतला याची ती दोघांची मुकी चढाओढ असते. दुसऱ्या दिवशी पहाटे पिप घरातून चोरून आणलेले अन्न दलदलीतल्या कैद्याला देतो. कैदी अधाशासारखा खातो, मागे-पुढे बघत, कुणी हिसकावून घेईल या भीतीने. त्याचे खाणे पाहून पिपला घरचा कुत्रा आठवतो, पण तो त्याला म्हणतो काय, तर तुम्हाला आवडले याचा मला आनंद वाटतो. एवढ्या एका वाक्यावर आणि एवढ्या घासांवर पुढची सगळी कथा उभी आहे, कारण तो कैदी ते अन्न जन्मभर विसरत नाही. आता सॅटिस हाऊसमधली पहिली भेट पाहा. खेळ संपल्यावर मिस हॅविशमने वाढवलेली मुलगी इस्टेला पिपला अंगणात पाव, मांस आणि पेलाभर बिअर आणून देते. पेला ती फरशीवर ठेवते आणि त्याच्याकडे न पाहता अन्न हातात देते, जणू तो अपराध केलेला कुत्रा आहे. कुत्र्याची आठवण दोन्हीकडे येते, पण पहिल्या ठिकाणी देणारा भुकेल्याला माणूस मानतो आणि दुसऱ्या ठिकाणी देणारी पाहुण्याला माणूस मानत नाही. डिकन्सने हे दोन प्रसंग मुद्दामच जवळजवळ ठेवले असावेत असे मला वाटते.

आणि मग ती मोठी खोली येते. लांब टेबल, त्यावर अंथरलेले कापड, मध्ये जाळ्यांनी झाकून गेलेला लग्नाचा केक, त्यातून आत-बाहेर धावणारे ठिपकेदार पायांचे कोळी, भिंतीच्या फळ्यांमागे उंदीर, चुलाण्याजवळ काळे किडे. आमच्या मुलींना केकचे एवढे अप्रूप राहिलेले नाही, पण लग्नाच्या जेवणावर कुणी बसलेच नाही, पंगत मांडली आणि ती तशीच राहिली, हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यांवर लगेच उमटते. आमच्याकडे लग्न मोडले तर पहिला विचार मुलीचा होतो आणि दुसरा रांधलेल्या अन्नाचा. ते अन्न गावात वाटतात, दुसऱ्या गावाला पोचवतात, काही नाही तर गुरांपुढे टाकतात, पण उठवतात. मिस हॅविशमने ते उठवू दिले नाही. ज्या दिवशी तिची भावकी वाढदिवसाच्या निमित्ताने जमते, त्या दिवशी ती काठीने टेबल दाखवून सांगते, की मी मेल्यावर मला इथेच ठेवतील. आणि कुणी कुठे बसायचे तेही नेमून देते, मला खायला याल तेव्हा आपापल्या जागा लक्षात ठेवा म्हणते. त्या घरातली पंगत एकदाच बसणार आहे आणि त्या पंगतीत अन्न ती स्वतः असणार आहे. हे वाक्य मी वर्गात वाचून दाखवले तेव्हा माझाच आवाज बसला.

अभ्यासाच्या पुस्तकांत मिस हॅविशम ‘विक्षिप्त आणि सूडाने पेटलेली’ म्हणून येते आणि मुली परीक्षेत तेच लिहितात. ते खोटे नाही. पण जे ती स्वतःहून दाखवते, त्यालाच आपण तिचे एकटेपण समजतो असे मला आता वाटू लागले आहे. पोशाख, घड्याळे, केक हे सगळे तिने मांडून ठेवलेले आहे. आलेल्याला ती सांगते, बघ माझ्याकडे. छातीवर हात ठेवून विचारते, की मी कशाला हात लावला आहे; पिप म्हणतो, तुमच्या हृदयाला, आणि ती म्हणते, की ते मोडले आहे. तिला तिचे दुःख दिसायला हवे आहे. जे तिला दिसू द्यायचे नाही, ते म्हणजे तिची भूक. माणूस लाजेने जे झाकतो तिथे तो खरा एकटा असतो आणि डिकन्सला ते पक्के ठाऊक होते, कारण पुढे एका रात्री पिप त्या घरी मुक्कामाला राहतो, त्याला झोप लागत नाही, दोनच्या सुमारास तो उठून बाहेर पडतो आणि त्याला मिस हॅविशम दिसते. हातात उघडी मेणबत्ती घेऊन ती दगडी बोळातून चालली आहे आणि तिच्या तोंडून एक हलका, अखंड कण्हणारा आवाज निघतो आहे. पिप खाली अंधारात उभा राहून ऐकतो; ती वरच्या खोल्यांतून इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे फिरत राहते आणि उजाडू लागेपर्यंत त्याला धड आतही जाता येत नाही आणि बाहेरही. पहिल्या वाचनात मला हा भुताटकीचा प्रसंग वाटला होता. जॅगर्सचे बोलणे त्याच्या शेजारी ठेवून पाहिले, की कळते, ही तिची जेवणाची वेळ आहे.

मला माझी आत्या आठवली. वडिलांची चुलत बहीण. तिच्या नवऱ्याने तिला दिवाळसणाला आणून सोडले आणि मग न्यायला कुणी आले नाही. पत्र नाही, भांडण नाही, फारकत नाही. मी कळती झाले तेव्हा ती आमच्या घरात वर्षानुवर्षे होतीच, सपरीच्या कडेच्या खोलीत, एक पेटी आणि एक गोधडी घेऊन. तिच्या कपाळावर कुंकू होते, कारण नवरा जिवंत होता. पण त्याने नांदवले नाही म्हणून सवाष्णीचा पाट तिच्या वाट्याला येत नव्हता. आमच्याकडे महालक्ष्म्या बसत. त्या दिवशी सोळा भाज्यांपासून आंबिलीपर्यंत सगळे तिच्या हातचे असायचे, पहाटेपासून ती चुलीपुढे असायची, पुरण वाटून तिचे मनगट सुजायचे, आणि पंगतीमागून पंगती उठत असताना ती वाढायलाही पुढे यायची नाही. पहिल्या पंगतीला बाहेरचे, दुसऱ्या पंगतीला भावकी, मग लेकी-सुना. सगळ्यात शेवटी ज्या बाया चुलीजवळच पाने मांडायच्या, त्यांच्यातही ती नसायची. ती तेव्हा सांदवाडीत भांडी घासत असायची.

तिला घरात जेवताना मी नीट असे कधी पाहिले नाही. एकदा संध्याकाळनंतर मी पाणी प्यायला आत गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला तिची पाठ दिसत होती आणि कानाजवळची शीर हलताना दिसत होती. माझी चाहूल लागताच तिने ताटलीवर पदर ओढला. ओढला तोही इतक्या सवयीने, की तिला मागे वळूनही बघावे लागले नाही. मी पाणी न पिताच बाहेर आले. त्या वयात मला वाटले, ती काहीतरी चोरून खात असेल, लाडू किंवा गूळ. ताटलीत काय होते ते पुढे कधीतरी समजले: ज्वारीची भाकर आणि दुपारचे गार वरण. माहेरी बसलेल्या बाईची भाकर कुणी मोजत नसते असे सगळेच म्हणतात, आणि मोजणारे कुणी नसले तरी ती स्वतः मोजत असते. आत्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त राबत होती. तरीही ‘आयते खाते’ हा शब्द आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने आपले खाणेच नजरेआड केले होते. कुणी तिला तसे कधी बोलले होते का, मला माहीत नाही. कदाचित एकदाच, कुणीतरी, रागाच्या भरात बोलले असेल. एकदा पुरते.

मिस हॅविशमकडे वाडा होता, बापाने बिअर बनवण्याच्या धंद्यात मिळवलेली अमाप संपत्ती होती, तिच्या भाकरीचा हिशेब करण्याची कुणाची छाती नव्हती. तरी तीही लपूनच खात होती. म्हणजे मूळ गरिबीत नाही. अन्न हा दुसऱ्यासोबत घेण्याचा विषय आहे, हे आपल्या रक्तात इतके मुरलेले आहे, की ज्याने सोबत यायचे तोच पाठ फिरवून गेला, तर एकटीने तोंडात घास घालणे हीच एक कबुली होऊन बसते. ज्याच्यासाठी पंगत मांडली तो आला नाही, तरी मला भूक लागते. ही कबुली देणे लग्न मोडल्याची कबुली देण्यापेक्षा जड असावे. लग्न मोडल्याचे तिने जगाला दाखवले. भूक लागल्याचे नाही.

पण आत्याच्या बाबतीत एक गोष्ट होती, जी मिस हॅविशमच्या वाट्याला आली नाही, आणि ती म्हणजे वावर. वेचणीच्या दिवसांत आत्या बायांसोबत घरच्या वावरात जायची. कमरेला कापडाची झोळी बांधून, पराटीच्या ओळीत एकेक तास धरून बाया पुढे सरकायच्या. बोंडातून कापूस ओढताना होणारा तो किंचित फाटल्यासारखा आवाज, पाठीवर ऊन, पायांत ढेकळे. दुपारी बांधावरच्या निंबाखाली सगळ्या गोल करून बसायच्या आणि आपापली फडकी सोडायच्या. तिथे आत्या जेवायची. मी सुटीच्या दिवशी सोबत गेले, की मला ते दिसायचे आणि मी बघत राहायचे, कारण घरातली आत्या आणि ही आत्या एक वाटायची नाही. ती मोठ्याने बोलायची, दुसरीच्या फडक्यातली मिरची उचलायची, स्वतःची जवसाची चटणी सगळ्यांच्या भाकरीवर घालायची, हसताना तोंडातला घास तसाच असायचा. तिथे कुणी कुणाच्या माहेरची नव्हती की सासरची नव्हती. सकाळपासून सारख्याच वाकलेल्या बाया होत्या. संध्याकाळी कापूस मोजून घरी आली की पुन्हा ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मिस हॅविशमला पैशाने जे काही दिले, त्यात बांधावरची ही पंगत नव्हती. तिला उन्हात जाण्याची गरज पडली नाही आणि त्यामुळे तिला सोबतही मिळाली नाही. दुःख करायला सवड लागते आणि गरिबाला ती नसते, असे आपण म्हणतो. त्या सवडीने श्रीमंत बाईचे काय केले, हे डिकन्सने दाखवले आहे.

आपल्याकडच्या कादंबऱ्यांतल्या एकट्या बाया या संदर्भात माझ्या मनात येतातच. हरिभाऊ आपट्यांची यमू ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये स्वतःची कहाणी स्वतः सांगते. ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’मधून क्रमशः आली, जशी डिकन्सची कादंबरी डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 या काळात त्याच्याच साप्ताहिकातून आली होती. पण हरिभाऊंनी बाईच्या हाती लेखणी दिली, डिकन्सने दिली नाही. मिस हॅविशम आपल्याला दिसते ती पिपच्या डोळ्यांनी, तिची हकीकत कळते ती पिपचा मित्र हर्बर्ट याच्या तोंडून, तिची भूक कळते ती वकिलाकडून. आणि उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक तर आमच्याच मातीतली, आमच्याच वऱ्हाडी बोलीत बोलणारी, तिच्याभोवती नवरा आहे, मुले आहेत आणि तरी संसाराचा गाडा ओढायला ती एकटी आहे. तिच्याबद्दल वेगळे आणि सविस्तर लिहायला हवे. इथे मला एवढेच म्हणायचे आहे, की यमूचे आणि कौतिकचे एकटेपण वाचताना आपण त्यांच्या बाजूला बसलेले असतो. मिस हॅविशमच्या बाबतीत डिकन्स आपल्याला दारात उभे ठेवतो आणि पिपच्या भीतीतून बघायला लावतो. हे त्याचे उणेपण आहे असे मी बरीच वर्षे मानत आले. आता तसे वाटत नाही. आमच्या गावाने आत्याकडे असेच दारातून पाहिले होते. मीही, पाणी प्यायला गेलेली, दारातूनच पाहिले होते. अशा बाईच्या आत जाण्याचा अधिकार लेखकाने सहज घेतला असता, तर तो कदाचित खोटा ठरला असता.

कादंबरीत एक बाई आहे, जिचा विचार मी या खेपेला फार केला. तिला नाव नाही. पिप शेवटच्या भेटीला येतो तेव्हा फाटक उघडणारी ती एक वयस्क नोकराणी आहे, मागच्या अंगणापलीकडे राहणारी. तिच्या वाट्याला वाक्यही नाही. पण त्या घरात कुणीतरी स्वयंपाक करत होते, पाव कापून ठेवत होते आणि सकाळी किती तुकडे कमी झाले हे बघत होते. मालकीण रात्री मेणबत्ती घेऊन कोणत्या वाटेने येते आणि तिचा हात कुठे पोचतो, हे तिला ठाऊक असणार, आणि अन्न ती त्याच ठिकाणी ठेवत असणार. हे डिकन्सने लिहिलेले नाही, हे मी लिहिते आहे. मला तसे वाटण्याचे कारण आमची मोठीआई आहे. मोठीआई तोंडाने फटकळ होती, आत्याशी ती गोड बोलल्याचे मला आठवत नाही. पण रोज रात्री चूल विझवताना ती टोपल्याखाली दोन भाकरी आणि वाटीभर भाजी ठेवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायची, “आजही उरलंच, आता सकाळी ढोराले टाका लागते.” सकाळी टोपले रिकामे असायचे. तेल मोजून वापरणाऱ्या त्या बाईच्या हातून रोज नेमक्या दोन भाकरी उरत होत्या, याचा अर्थ मला फार उशिरा लागला. आत्याला कुणाचे उपकार नको होते, उरलेले चालत होते. आणि मोठीआईने तिला दया न दाखवता जेवू घालण्याची वाट शोधली होती. त्या दोघींत याबद्दल कधी एक शब्द झाला नसेल.

याचा अर्थ मिस हॅविशमला सगळे माफ करावे असा नाही. तिने इस्टेलाला आणवले, तेव्हा ती लहान, झोपेत असलेली पोर होती. आपल्यासारखे दुःख हिच्या वाट्याला येऊ नये एवढेच सुरुवातीला मनात होते, असे ती शेवटी सांगते, आणि ते खरेही असेल. पण तिने त्या मुलीला पुरुषांची मने मोडण्यासाठी वाढवले आणि मग एक दिवस, तू माझ्यावर प्रेम का करत नाहीस म्हणून तिच्यासमोर आकांत केला. इस्टेला शांतपणे सांगते, की तुम्ही मला जशी घडवले, तशीच मी आहे. ज्या घरात आई म्हणवणारी बाई मुलीसोबत कधी जेवली नाही, मुलीने जेवताना आईचे तोंड पाहिले नाही, त्या घरातल्या मुलीकडून आणखी काय मिळणार होते? पिपचा पेला फरशीवर ठेवून त्याच्याकडे न पाहता अन्न देणे ती याच घरात शिकली. आमच्या आत्याने कुणाचे वाईट केले नाही, आणि तिच्या बाजूने बोलणे मला सोपे जाते. मिस हॅविशमच्या बाजूने बोलताना मला मध्येच थांबावे लागते, आणि ते थांबणे मी वर्गात लपवत नाही.

शेवटच्या भेटीत पिपला तिच्या चेहऱ्यावर संपूर्ण एकाकीपण दिसते, आणि तो खरा आहे की भास, असे ती त्यालाच विचारते. ती त्याच्या पायांशी गुडघे टेकून ‘मी काय करून बसले’ असे पुन्हा पुन्हा म्हणते. थोड्याच वेळात चुलाण्यातल्या आगीने तिचा पोशाख पेट घेतो. आग विझवायला पिप आपले कोट तिच्यावर टाकतो आणि टेबलावरचे ते मोठे कापड ओढतो. त्याबरोबर तो सडलेला केक, कोळी, किडे, सगळे जमिनीवर येते. त्या न झालेल्या पंगतीचे ताट शेवटी असे उचलले गेले. डॉक्टर येतात, तिचे अंथरूण त्याच टेबलावर घालतात, कारण जखमा बांधायला ते सोयीचे पडते, आणि तिला गळ्यापर्यंत पांढऱ्या कापसाने झाकतात. पोशाखाचा धागाही उरलेला नसताना त्या कापसात ती पुन्हा नवरीसारखी दिसते, असे पिप सांगतो. मी हे वाचून दाखवले तेव्हा त्या विरळ वर्गातल्या सगळ्या मुलींनी एकदम मान वर केली. कापूस अंगावर घेतल्यावर कसा लागतो, आधी उबदार आणि मग गुदमरवणारा, हे त्यांना सांगावे लागत नाही. त्यांच्या घरी या दिवसांत पलंगाखाली, सपरीत, देवघराच्या कडेला कापूसच असतो आणि त्या त्याच्याच ढिगावर झोपतात.

तिच्या मरणाची बातमी कादंबरीत कशी येते, हेही या खेपेला नव्याने लक्षात आले. पिप कर्जबाजारी होऊन तापाने अंथरुणाला खिळला आहे आणि ज्याची त्याला लाज वाटत आली, तो जो लोहार लंडनला येऊन त्याची शुश्रूषा करतो आहे. पिप जोला मिस हॅविशमबद्दल विचारतो. जो अडखळत, तिच्या मृत्युपत्राबद्दल सांगतो, मॅथ्यू पॉकेटला चार हजार पौंड ठेवल्याचे सांगतो, इतर नातेवाइकांना काय-काय मिळाले ते सांगतो. आणि आदल्याच दिवशी तो बोलता-बोलता मध्येच थांबून म्हणालेला असतो, की तुझ्याशी फार बोलायचे नाही असे मला बजावले आहे, आणि तुला थोडे-थोडे, ठरल्या वेळी भरवायचे आहे, तुला इच्छा असो की नसो.